सवड आणि सावड

सोलापूर जिल्ह्यात गावोगावी एक बाई अशी असते, जिच्या पदातच ‘स्वयंसेविका’ हा शब्द आहे. ती म्हणजे आशा. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा साधारण हजार वस्तीमागे एक, त्याच गावात नांदणारी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, २५ ते ४५ वयाची बाई या कामासाठी निवडावी असे ठरले. ती सरकारी कर्मचारी नव्हे, मानद स्वयंसेविका. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. गरोदर बाईला दवाखान्यात पोचवणे, बाळाच्या लसीची तारीख लक्षात ठेवणे, क्षयरोग्याने गोळी घेतली की नाही ते पाहणे, साथ आली की दारोदार फिरणे ही तिची कामे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला. त्यानंतर दोन वर्षे उलटायच्या आत महाराष्ट्रातल्या आशा मोबदलावाढीसाठी मुंबईच्या आझाद मैदानात ठाण मांडून बसल्या होत्या. म्हणजे सरकारने जिला स्वयंसेविका म्हटले, ती स्वतःला कामगार म्हणवते. आणि त्याच गावात सप्ताहाच्या पंगतीला पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बायांना स्वयंसेविका म्हणावे, हे कोणाच्या मनातही येत नाही. स्वयंसेवा कोण करते, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधायला निघालेल्याने आधी या गुंत्यात हात घातला पाहिजे.

आपल्या मनातल्या स्वयंसेवकाचे चित्र ठरलेले असते. छातीवर बिल्ला, तोंडात शिट्टी, वय पंचविशीच्या आसपास, आणि बहुधा पुरुष. हा शब्दच तसा वाढला. काँग्रेसच्या अधिवेशनांत मंडप सांभाळणाऱ्या, कवायत करणाऱ्या तरुणांबरोबर तो मराठीत रुळला. सोलापूरने तर त्याची फार मोठी किंमत मोजली. एप्रिल १९३० मध्ये इथल्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे महिन्यात गोळीबार झाला, लोक खवळले, सरकारी यंत्रणा रस्त्यांवरून मागे हटली आणि दोन-तीन दिवस शहराची घडी काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळली. मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. चौघे चार वेगवेगळ्या समाजांतले. त्यामुळे हुतात्म्यांच्या चौकातून जाताना ‘स्वयंसेवक’ हा शब्द उच्चारायचा तर जरा ताठ उभे राहावेसे वाटते, आणि त्यात गैर काही नाही. पण या वैभवाने एक तोटाही केला. शब्दाला गणवेश चिकटला, आणि बिनगणवेशाचे काम त्यात मावेनासे झाले.

लोकसंख्येच्या कोणत्या गटात स्वयंसेवा जास्त आणि कोणत्या गटात कमी, हे सांगणारे आकडे बहुतेक वेळा परोपकारबुद्धीचे मोजमाप म्हणून वाचले जातात. शिकलेले अधिक उदार, अडाणी कमी. पुरुष पुढे, बाया मागे. शहर जागे, खेडे झोपलेले. ते आकडे असे वाचू नयेत, एवढाच माझा इथला मुद्दा आहे. त्यांतून कळते ते हे, की सवड कोणाच्या स्वतःच्या ताब्यात आहे आणि साद कोणाला घातली गेली. ज्यांना सवडच नाही त्यांच्यात जी सावड, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या कामाला जाणे, चालते, ती तर त्या आकड्यांत बहुधा येतच नाही.

आपल्या देशापुरता सर्वांत मोठा पुरावा म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेली वेळवापर पाहणी. सुमारे एक लाख ३८ हजार कुटुंबांतल्या सहा वर्षांवरील माणसांनी आदल्या दिवसाचे चोवीस तास कसे घालवले, हे तिने अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंदवले. विनामोबदला स्वयंसेवा, उमेदवारी आणि तत्सम कामांत त्या दिवशी हात घातलेली माणसे भरली २.४ टक्के, पुरुष २.७ आणि बाया २.०. ज्यांनी हे काम केले त्यांनी त्यावर सरासरी किती वेळ घालवला? पुरुषांनी १०२ मिनिटे, बायांनी ९८. इथवर वाचून कोणी म्हणेल, बाया थोड्या मागे आहेत खऱ्या. पण त्याच तक्त्यातली वरची ओळ वाचल्याशिवाय ही ओळ वाचण्यात अर्थ नाही. घरच्यांसाठी बिनमोबदल्याचे घरकाम त्या दिवशी ८१.२ टक्के बायांनी केले आणि त्यावर सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास घालवले. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के आणि वेळ ९७ मिनिटे. हा पाच तासांचा डोंगर उतरून आल्यावरही बाई बाहेरच्यांसाठी जवळजवळ पुरुषाइतकीच मिनिटे काढते. मोकळ्या वेळाच्या मानाने हिशेब मांडला तर कोण मागे आणि कोण पुढे, हे इतके सरळ राहत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात घरी विड्या वळणाऱ्या बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. तेंदूची पाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरून दोरा बांधायचा, आणि हजार विड्यांमागे मजुरी. तिचा हात थांबला की पैसा थांबतो. तिच्या एका तासाच्या स्वयंसेवेची किंमत ती स्वतःच्या मजुरीतून भरते. महिना पगारावर असलेल्या कारकुनाचा रविवार मात्र फुकट असतो.

शिवाय त्या २.० टक्क्यांत काय धरले गेले आणि काय सुटले, हेही पाहावे लागते. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत पंढरपुरी पोचते. या वाटेवरच्या घराघरांत त्या दिवसांत चूल विझत नाही. दिंड्यांच्या पंगती उठतात, पिठले-भाकरीच्या पाट्या भरून जातात. ज्वारीचे पीठ मळणारी बाई त्या दिवशी पन्नास अनोळखी माणसांसाठी राबते. तिला कोणी विचारले, काल काय केले? ती म्हणणार, स्वयंपाक केला. नोंदवणाऱ्याने खोदून विचारले तर ठीक, नाही तर ते घरकामाच्या रकान्यात जाणार. त्याच दिंडीला चौकात पाणी वाटणारा मुलगा मात्र निःशंकपणे स्वयंसेवक ठरतो, कारण तो घराबाहेर आहे, त्याच्या अंगात टी-शर्ट आहे आणि टी-शर्टावर नाव छापलेले आहे. दोघांच्या श्रमांत फरक असलाच, तर तो बाईच्या बाजूने आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालाने जगभरच्या स्वयंसेवेपैकी सुमारे ७० टक्के काम कोणत्याही संस्थेबाहेर, माणसाकडून माणसाला थेट होते असा अंदाज मांडला आणि त्या असंघटित कामात बायांचा वाटा ५९ टक्के धरला. माळशिरस तालुक्यातल्या चुलींना हा अहवाल ठाऊक नसला, तरी त्याला त्यांच्याशिवाय पुरावा नाही.

रक्तदानाचे उदाहरण याहून उघड आहे. शिबिरांच्या याद्या चाळल्या तर पुरुषांचीच नावे भरलेली दिसतात, आणि त्यावरून बाया भित्र्या असतात इथपर्यंत मजल जाते. रक्त द्यायचे तर वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन निदान १२.५ लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बाया रक्तक्षयी निघाल्या. टेबलापर्यंत आलेल्या बाईला ‘पुढच्या वेळी या’ म्हणून परत पाठवले जाते आणि यादीत तिचे नावच येत नाही. इथे तर सवडीचाही प्रश्न नाही. द्यायला अंगात रक्तच उरलेले नाही.

सवडीच्या बाजूने इतके बोलल्यावर वाचक एक रास्त आक्षेप घेईल. सवड हेच कारण असते, तर ज्यांना काम नाही त्यांनी सर्वांत जास्त स्वयंसेवा केली असती. तसे होत नाही, हे खरे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाने २०१५ साली केलेल्या मोजणीत अर्धवेळ काम करणाऱ्यांपैकी ३१.१ टक्के, पूर्णवेळ नोकरदारांपैकी २६.३ टक्के, आणि बेकारांपैकी २३.३ टक्के लोकांनी वर्षभरात स्वयंसेवा केली होती. पदवीधरांत प्रमाण ३८.८ टक्के, आणि शालान्त शिक्षणावर थांबलेल्यांत १५.६. (तिथे बाया पुरुषांच्या पुढे आहेत, हे जाता जाता नोंदवायला हवे; स्त्रीस्वभाव आणि पुरुषस्वभाव यांच्या नावाने जे काही खपवले जाते ते समुद्र ओलांडला की बदलते.) पण याच मोजणीत दुसरे एक उत्तर आहे. स्वयंसेवा करणाऱ्यांपैकी साधारण पाचांतले दोघे असे होते, की त्यांना संस्थेतल्या कोणीतरी ‘येता का?’ म्हणून विचारले होते. नोकरी असलेल्या, शिकलेल्या माणसाला विचारणारे भेटतात. कचेरी, क्लब, शाळेची पालकसभा, जुना वर्गमित्र: जितकी दारे, तितक्या हाका. बेकार माणसाजवळ वेळ असतो, पण त्याचे दार कोणी वाजवत नाही. आणि रिकाम्या माणसाने आपण होऊन गेले, तर लोक आधी त्याच्याकडे संशयाने बघतात.

सोलापूरचा सर्वांत प्रसिद्ध स्वयंसेवक याच दाराने गेला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली इथे जन्मले, मुंबईला वैद्यकी शिकले. जपानी आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या चीनला वैद्यकीय मदत पाठवावी असे काँग्रेसने ठरवले, तेव्हा १९३८ च्या सप्टेंबरात जे पाच डॉक्टर निघाले त्यांत ते होते. बाकीचे परतले, हे थांबले, आघाडीवरच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्यांच्या त्यागाचे मोल कोणत्याही विश्लेषणाने उणे होत नाही. पण ती साद डॉक्टरांना होती. त्या काळी गिरणीत साच्यावर उभ्या असलेल्या कोणा विणकराच्या मनातही चीनबद्दल तशीच कळकळ असेल, तर ती नोंदवायला जागा कुठे होती?

सादेची भाषा बदलली, की येणारी माणसेही बदलतात, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. गाडगेबाबा परीट समाजात जन्मले, लिहिणे-वाचणे शिकले नाहीत. गावात शिरले की आधी खराटा उचलायचे, गाव झाडून होईतो बघे जमायचे आणि त्यांतले काही झाडू लागायचे, रात्री कीर्तन. पंढरपूरला वारकऱ्यांसाठी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पदवी आणि स्वयंसेवा यांचे जे नाते अमेरिकेच्या तक्त्यात घट्ट दिसते, ते त्यांच्या खराट्यामागे निघालेल्या गावकऱ्यांत कुठेच सापडले नसते. कारण तिथे आमंत्रण अर्ज भरून घेत नव्हते; ते हातात झाडू देत होते.

आता सावडीकडे. माझ्या बैलांनी आज तुझे रान, तुझ्या बैलांनी परवा माझे, अशी ही जुनी रीत. एखाद्याचे काम फारच अडले तर शेजारीपाजारी औते घेऊन एकाच दिवसात त्याचे रान उरकून देतात, त्या बदल्यात एक जेवण, ती इर्जिक. यावर दुसरा आक्षेप ठरलेला आहे: ही तर देवाणघेवाण, हिला स्वयंसेवा कशी म्हणायची? आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. पण तो सर्वांना सारखाच लावावा. मंडळाचा उत्साही कार्यकर्ता दहा वर्षांनी नगरसेवकपदाचे तिकीट मागतो, महाविद्यालयातला मुलगा प्रमाणपत्र मागतो, उद्योजक फलकावर नाव मागतो. परतफेडीची आशा हाच दोष धरला, तर बिल्लेवाल्यांची निम्मी यादी गळेल. सावडीत निदान परतफेड उघड असते. आणि तिच्यातही ज्याचे बैल मेले, जिचा नवरा गेला, त्यांच्या रानात केलेल्या पाळ्या परत येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत असते. तिथे सावड संपते आणि जे सुरू होते त्याला आपल्याकडे वेगळे नाव नाही, इतके ते साधे मानले गेले आहे.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने या जुन्या रीतीला नवे अंगण दिले. २०१९ साली राज्यात पहिले आलेले गाव सोलापूर जिल्ह्यातले, बार्शी तालुक्यातले सुर्डी. ८ एप्रिल ते २२ मे, असे पंचेचाळीस दिवस श्रमदान. या जिल्ह्यातल्या उन्हात त्या दिवसांत टिकाव-फावडे चालवणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. मुदत मात्र नेमकी निवडलेली होती. ज्वारी निघालेली, पेरणीला अवकाश. कोरडवाहू शेतकऱ्याला वर्षात जी काय सवड मिळते ती हीच. जिथे सवडीचे वेळापत्रक पाहून साद घातली जाते तिथे गाव उठते. पण गाव म्हणजे सगळे सारखे नव्हेत. बांध घातल्याने पाणी मुरते ते जमिनीत, आणि जमीन ज्याच्याकडे आहे त्याची विहीर भरते. भूमिहीन मजुराने एक दिवस श्रमदान केले तर त्याची एक दिवसाची मजुरी बुडाली, आणि वाढलेले पाणी दुसऱ्याच्या उसाला गेले. तो श्रमदानाला आला नाही, तर त्याला गावद्रोही म्हणायच्या आधी हा हिशेब मांडला पाहिजे. आणि तरीही आला असेल, तर त्याचा एक दिवस बागायतदाराच्या दहा दिवसांइतका वजनदार आहे. तास मोजणाऱ्या कोणत्याही तक्त्यात हे वजन उतरत नाही.

सर्वांत जड आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो संख्याशास्त्राचा नव्हे. सेवा ही आपली जुनी परंपरा. ती मोजायची कशाला, उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, असे पुष्कळ सज्जन मनापासून मानतात. सोलापूरला तर या परंपरेचा अभिमान बाळगण्याचा हक्क आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामांनी भक्तांना बरोबर घेऊन तळे खोदले, असे हे गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. लिंगायत संतांच्या, म्हणजे शरणांच्या, विचारात कायक, म्हणजे कष्ट, आणि दासोह, म्हणजे कष्टाचे फळ समाजाला वाटणे, या एकाच साधनेच्या दोन बाजू आहेत. आजही सिद्धरामांच्या संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, ते पेलण्याचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेले आहेत, आणि पांढऱ्या बाराबंदीतली माणसे जड काठ्या तोलत मैलोगणती चालतात. हे सगळे मोजपट्टीने लहान होईल, ही भीती मला समजते.

पण परंपरेतली सगळी सेवा स्वखुशीची नव्हती. नंदीध्वजाची सेवा जन्माने ठरते तसा गावकीतला महाराचा वाटाही जन्मानेच ठरत होता: टपाल पोचवणे, सरकारी अंमलदाराचे ओझे वाहणे, मेलेली गुरे ओढणे. एका ठरलेल्या सेवेला मान म्हणत होते, दुसरीला वेठ. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. ती वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले. म्हणून सेवा मोजू नका असे म्हणणाऱ्याला विचारावे लागते, की नाही म्हणण्याची मुभा कोणाला होती? स्वयंसेवेतला ‘स्वयं’ हा त्या मुभेत आहे. मोजणी केली नाही, तर वेठ आणि सेवा एकाच पुण्याईच्या गाठोड्यात बांधल्या जातात. आणि गाठोडे वाहणारा नेहमी एकच असतो. आशांना ‘मानधन’ देताना आपण नेमके हेच करतो. कामाला पगार द्यायचा नसेल तर त्याला मान द्यावा, ही युक्ती गावकीइतकीच जुनी आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भरवलेल्या सांख्यिकीतज्ज्ञांच्या परिषदेने २०१३ मध्ये जी व्याख्या मान्य केली ती या दृष्टीने उपयोगी आहे: मोबदल्याविना, सक्तीविना, आपल्या कुटुंबाबाहेरच्यांसाठी केलेले काम. संस्थेमार्फत केले काय नि थेट केले काय, फरक नाही. या व्याख्येने पालखीच्या भाकऱ्या आत येतात, आशाताई बाहेर जातात (त्यांना कामगार म्हणून मोजावे लागते), आणि महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचा मुलगा उंबरठ्यावर उभा राहतो. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबरला ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचे शिबिर. तास भरायचे आहेत म्हणून गेलेला मुलगा आणि शिबिर संपल्यावरही त्या गावात जात राहिलेला मुलगा, हे दोघे एकाच हजेरीपटावर आहेत. त्यांतला दुसरा शोधायचा तर हजेरीपट बाजूला ठेवून पाच वर्षांनी पुन्हा विचारावे लागेल.

व्याख्या इतकी रुंद केली तर सगळेच स्वयंसेवक ठरतील आणि शब्दाला अर्थ उरणार नाही, अशी धास्ती काही अभ्यासकांना वाटते. ती अनाठायी आहे. कुटुंबाबाहेर, सक्तीविना, मोबदल्याविना, या तीन चाळण्या काही लहान नव्हेत. सुनेने सासऱ्याची केलेली शुश्रूषा त्यांतून गळते, मालकाच्या मुलीच्या लग्नात राबणारा सालगडी गळतो. उलट शब्द अरुंद ठेवला तर त्याचा परिणाम निधीवर, प्रशिक्षणावर, विमाछत्रावर होतो. पूर आला की बोट आणि दोर नोंदणीकृत पथकाला मिळतात. शेजारच्याला खांद्यावर घेऊन बाहेर काढणाऱ्याला काही मिळत नाही.

या विषयावर सोलापुरात जो कोणी घरोघर जाऊन विचारणार असेल, त्याने पहिला प्रश्न कसा घालावा यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. त्याच कामगार संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेने पाहणीत ‘स्वयंसेवा’ हा शब्दच टाळावा आणि थेट कामांविषयी विचारावे असे सुचवले आहे. इथे तर चार भाषा: मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, आणि प्रत्येकीत या शब्दाला वेगळा वास. ‘तुम्ही स्वयंसेवक आहात का?’ असे विचारले तर विडी वळणारी बाई मान हलवून नाही म्हणेल आणि पुन्हा सूप मांडीवर घेईल. मागच्या महिन्यात गल्लीत कोणाच्या बाळंतपणाला रात्री जागल्या होत्या, कोणाच्या पोराला दवाखान्यात नेले, कोणाच्या मयताला भाकरी पोचवली, असे विचारले तर ती हातातली विडी पुरी करील, बोटांवर मोजू लागेल, आणि विचारणाऱ्याला बसायला जागा करून देईल.